आकडा उतरेना

रक्तातला आकडा खाली येत होता तोवर सोनालीला रात्री झोप लागत होती. शिमग्यानंतर तो थांबला आणि तिची झोप उडाली.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कडेला असलेल्या एका वाडीत ती सासूबरोबर राहायची. नवरा किशोर मुंबईत, भांडुपला. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. लग्नानंतर बऱ्याच वाट बघण्यानं तिला दिवस गेले, पण उलट्या अशा सुरू झाल्या की पाण्याचा घोटही ठरेना, आणि पोट होतं त्या महिन्यांच्या मानानं फारच वाढलेलं. महाडला डॉक्टर चारुशीला मॅडमनी सोनोग्राफी केली. पडदा तिच्याकडे वळवून त्या म्हणाल्या, "सोनाली, आत बाळ नाहीये. बाळाला पोसणारी वार असते ना, तीच वेडीवाकडी वाढलीये. द्राक्षांच्या घोसासारखी. द्राक्षगर्भ म्हणतात याला."

पिशवी साफ केली. सोनालीला वाटलं, वाईट झालं पण संपलं. ते संपलं नव्हतं. गर्भार बाईच्या रक्तात एक द्रव्य असतं, ते पिशवी साफ केल्यावर हळूहळू नाहीसं व्हायला हवं. तिचं झालं नाही. वारेच्या काही पेशी आत राहिल्या होत्या आणि त्यांनी आता कॅन्सरची वाट धरली होती. "हा बरा होणारा कॅन्सर आहे," असं मॅडमनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. फोनवर ऐकणाऱ्या किशोरला त्यातला एकच शब्द ऐकू आला.

मुंबईच्या तज्ज्ञांना विचारून मॅडमनी इंजेक्शनं सुरू केली. सोनाली एसटीनं महाडला यायची, दंडात किंवा कमरेत सुई घ्यायची, तोंड आलेलं असेल तर मऊ भात खाऊन परत जायची. प्रत्येक फेरीआधी रक्त तपासायचं. त्या द्रव्याचा आकडा म्हणजेच आजाराचा आकडा. आधी हजारांत होता, मग शेकड्यांत आला. प्रत्येक वेळी सासू विचारायची, "उतरला का?" आणि सोनाली म्हणायची, "उतरला."

मॅडमनी सुरुवातीलाच दोघा नवरा-बायकोला समोर बसवून बजावलं होतं. आकडा शून्याला येऊन वर्ष होईपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत. "कारण पोटात बाळ असेल तरी हाच आकडा वाढतो आणि आजार वाढला तरी हाच वाढतो. मग मला कळायचं कसं? आणि घरी ती पट्टी आणून बघू नकोस. ती पट्टी हेच द्रव्य ओळखते. तुला ती आत्ता या क्षणीसुद्धा दोन रेघा दाखवेल."

शिमग्याला किशोर आला. मुंबईची सगळीच माणसं आली होती, वाडी भरून गेली होती, पालखी दारोदार नाचत होती. सोनालीचे केस विरळ झाले होते, पण आकडा उतरत होता, आणि कितीतरी दिवसांनी घरात हसणं ऐकू येत होतं. मॅडमचं बजावणं दोघांनाही ठाऊक होतं. एकदा विसरले.

किशोर परत गेला आणि सोनाली रक्त द्यायला महाडला आली, त्या दिवशी गावात तळ्यावरच्या सत्याग्रहदिनाच्या कार्यक्रमाची गर्दी होती. एसटी आत जाईना, तिनं बाहेरच उतरून लॅबपर्यंत चालत गाठलं. संध्याकाळी फोन आला. आकडा मागच्या वेळचाच. एका अंकानंही हलला नव्हता. पुढच्या तपासणीला तो थोडा वर गेला होता.

मॅडमचाच फोन आला. "सोनाली, खरं सांग. दिवस राहिल्याची काही शक्यता आहे का? किशोर येऊन गेला ना मध्ये?"

सासू समोर भाकरी थापत होती. "नाय मॅडम," सोनाली म्हणाली. "तसा काय नाय."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवला आणि तिचा तिलाच धक्का बसला. ती खोटं का बोलली? लाजेनं, सासू समोर होती म्हणून, एवढंच का? की 'हो' म्हटलं असतं तर मॅडमनी लगेच तपासलं असतं, आणि तिला ते तपासून घ्यायचंच नव्हतं?

दुसऱ्या दिवशी ती पोलादपूरला उतरली आणि मेडिकलमधून पट्टी घेतली. स्टँडजवळच्या स्वच्छतागृहात, दाराला पाठ लावून तिनं ती बघितली. दोन रेघा. दुसरी जरा फिकी, पण होती.

पट्टी फसवते हे मॅडमनी सांगितलं होतं. सोनालीच्या ते पक्कं ध्यानात होतं. पण पट्टी कधीतरी खरंही सांगतच असेल की! पाळी चुकली होती. इंजेक्शनांनी चुकते, तशी बाळानंही चुकते. मळमळत होतं. तेही दोन्हीनं होतं. तिच्या अंगात होणारी प्रत्येक गोष्ट आता दोन बाजूंनी वाचता येत होती आणि ती दिवसभर एकच बाजू वाचत बसायची.

इंजेक्शनचा दिवस आला. ती गेली नाही. हे औषध पोटातल्या बाळाला मारतं, हे तिला माहीत होतं. सासूला म्हणाली, "मॅडमनी पुढं ढकललाय." मॅडमचा फोन वाजला तेव्हा तिनं तो वाजू दिला.

मग ते दिवस सुरू झाले. एका जागी बसवेना. अंगण झाडलं तरी परत झाडायची. चुलीवर काही ठेवून बाहेर यायची, बाहेर येऊन कशाला आलो ते आठवेना. किशोरला फोन लावायची आणि तो उचलायच्या आत कापायची. कधी मनात यायचं, बाळ असेल. लगेच पाठोपाठ यायचं, आणि नसेल तर? इंजेक्शन न घेतल्यानं ते आत पसरत असेल तर? तिनं पोटावर हात ठेवायची सवय लावून घेतली होती, आणि मग तोच हात चटका बसल्यासारखा काढून घ्यायची.

सासूच्या, म्हणजे तुळसाच्या, हे नजरेतून सुटत नव्हतं, पण ती बोलली नाही. बोलली ती शेतावर.

भाताची रोपं जिथे करायची ती जागा उन्हाळ्यात भाजून घ्यायची असते. त्यासाठी झाडांच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, भारे बांधून शेतात आणून पसरायचा. दोघी सकाळीच गेल्या होत्या. तुळसानं एक भारा बांधला आणि म्हणाली, "हो पुढं. उचल."

सोनाली वाकली, भाऱ्याला हात लावला आणि तशीच उभी राहिली.

"काय गो? हलका तर हाय."

"आई, पाठ दुखते माजी."

"पाठ?" तुळसा तिच्याकडे बघत राहिली. "काल हंडा पण अर्धाच भरलास. परवा फणस उतरवायला शेजारच्या चांगूला हाक मारलीस. सोने, काय चाललाय तुजा?"

सोनालीनं आधी मान हलवली. मग तिला आवरेना. खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. शिमग्याचं, पट्टीचं, चुकवलेल्या इंजेक्शनचं. सांगता सांगता ती हसत पण होती. "दोन रेघा व्हत्या, आई. मी बगितल्या."

सासूला आनंद होईल असं तिला वाटलं होतं. नातवंडाची वाट तुळसानं काही लपवलेली नव्हती. पण तुळसाचा चेहरा उतरला. ती बांधावर बसली, पदरानं घाम पुसला.

"तुला भागीचा सांगितला नाय कधी," ती म्हणाली. "माजी नणंद. किशोरची आत्या. मी लगीन करून आले तवा ती म्हायेरी आलेली. दिवस गेले व्हते तिला. मंग एक दिस सगळा पडून गेला. रक्त, आनि त्यात बुडबुडं. मी माज्या हातानं धुतला. म्हाताऱ्या बायका म्हनाल्या, भुताचा गर्भ व्हता, गेला ता बरा झाला."

"मंग?"

"मंग काय. दोन महिन्यानं परत तिचा पोट मळमळाय लागला. सगळी खूश. पुन्यांदा दिवस गेलं म्हनून. तिला काम करू देईनात, तूप-भात खायाला घालीत. ती पन हसायची, अशीच, तुज्यासारकी. मंग खोकताना रक्त पडाय लागला. पावसाळा संपायच्या आत गेली. पोटात पोर नव्हताच गो. कायच नव्हता."

सोनालीचं हसू कधीच गेलं होतं. "पन माजा तसा नसंल. आई, नसंल ना?"

"मना काय ठावं? पोर असला तर माज्याइतका आनंद कुनाला व्हनार नाय. पर पोर हाय का नाय, ता त्या मॅडमला सांगू दे. तुज्या मनाला नको इचारूस, त्येला पायजे ताच ता सांगनार." ती उठली. "चल. कवळ पडू दे हितंच."

"आत्ता?"

"मंग कदी?"

खाली रस्त्याला येऊन मिळाली ती मिनीडोर रिक्षा पकडून दोघी पोलादपूरला आल्या, तिथून महाड. तुळसाच्या पायात शेतातल्याच चपला होत्या.

चारुशीला मॅडम आधी भडकल्या. "मी तुला सरळ विचारलं होतं, सोनाली! आणि तू सरळ नाही म्हणालीस. इंजेक्शन चुकवलंस, फोन उचलत नाहीस. मी वाडीवर माणूस पाठवायच्या बेतात होते." मग त्यांनी सोनालीच्या चेहऱ्याकडे बघितलं. खुर्ची तिच्याजवळ ओढली. "पट्टी आणलीस ना?"

"हो."

"मला वाटलंच होतं."

सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली. सोनालीनं डोळे मिटले. पण मॅडम म्हणाल्या की एवढ्यावरून काही ठरत नाही. अगदी नवा गर्भ असेल तर तो दिसतच नाही. आज रक्त घ्यायचं आणि परवा पुन्हा घ्यायचं. "बाळ असेल तर दोन-तीन दिवसांत आकडा जवळजवळ दुप्पट होतो. बाळाला घाई असते. आजार असेल तर तो असा उड्या मारत नाही बहुतेक, रेंगाळत चढतो. आकडा कसा चालतो ते बघू."

वाडीवर जाऊन परत यायचं त्राण सोनालीला नव्हतं. तुळसाची बहीण महाडजवळ तुडीलला राहायची, तिच्याकडे दोघी थांबल्या. ते दोन दिवस सोनाली सावित्री नदीच्या काठानं नुसती चालत होती. उन्हाची तमा नाही. बसलं की छाती धडधडायची, चाललं की जरा कमी व्हायची. मावशी जेवायला हाक मारून दमली.

किशोरला आता सगळं कळलं होतं. तो तासातासाला फोन करायचा.

"मी यूट्यूबवर बघितला. डॉक्टर सांगत व्हता, दुसरा औषध असतो. टेन्शन नको घेऊ तू."

"तुमाला काय वाटतं? बाळ असंल?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मागे लिफ्टच्या लोखंडाचा आवाज येत होता. "तुला खरा सांगू? नसावा असा वाटतो मना."

"असा कसा बोलता?"

"असला तर मॅडम म्हनतील एकतर बाळ नायतर औषध. तुजी ट्रीटमेंट अडकंल. मना ता नको. तू रागाव हवा तर."

ती रागावली. फोन कापला. मग नदीच्या कडेला उभी राहून तिला जाणवलं, आपण बाळ असू दे म्हणून मनात धावा करतोय आणि नवरा ते नसू दे म्हणून करतोय, आणि दोघं एकाच माणसासाठी, माझ्यासाठीच, रडतोय. तिनं त्याला परत फोन लावला.

दुसऱ्या रक्ताचा आकडा आला. थोडासाच वाढला होता. दुप्पट नाही, दुपटीच्या आसपाससुद्धा नाही. मॅडमनी छातीचा एक्स-रे काढायला लावला होता, तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या फुप्फुसावर वाटाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"बाळ नाहीये," त्या म्हणाल्या. "मी तुला गोल फिरवून सांगत नाही. जे इंजेक्शन आपण देत होतो, त्याला हा आजार आता दाद देत नाहीये."

तुळसानं सुनेचा हात धरला. सोनाली रडली नाही. तिनं विचारलं, "मी नाय आले म्हनून झाला ना? एक चुकवला म्हनून?"

"नाही. नीट ऐक, कारण हे तू आयुष्यभर डोक्यात घेऊन बसशील. आकडा थांबला तेव्हा तू एकही इंजेक्शन चुकवलेलं नव्हतंस. तो आधी थांबला, तू नंतर चुकवलंस. तुझ्यामुळे उशीर झाला थोडा. आजार तुझ्यामुळे हटवादी झाला नाही."

"पन औषध ताच, अंग माजा ताच. आधी तर उतरत व्हता. मंग आताच का नाय?"

मॅडमनी एक्स-रे टेबलावर ठेवला. "पेशी वाढायला त्यांना आत एक माल लागतो. हे औषध त्या मालाचा कारखाना बंद पाडतं. उपासमार होऊन पेशी मरतात. तुझ्या बहुतेक मेल्या, म्हणून आकडा उतरला. पण लाखोंमध्ये काही वेगळ्या निघतात. एखादी औषधाला आतच घेत नाही. एखादी आत आलेलं बाहेर फेकते. एखादी इतके कारखाने उघडते की औषध पुरत नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या. आणि आता वाढतायत त्या यांच्याच लेकी."

"आमच्या भातावर तीच पावडर दरसाल मारून तुडतुडा मरंनासा झाला, तसा," तुळसा म्हणाली.

"अगदी तसंच, मावशी. मग तुम्ही काय केलंत?"

"पावडर बदलली."

"आपणही तेच करायचं. फक्त एक नाही, एकदम वेगवेगळी औषधं. प्रत्येकाची मारायची रीत निराळी. एकीतून सुटली तर दुसरीत सापडेल. पण ते मला इथे देता येणार नाही. मुंबईला जावं लागेल, आणि याच आठवड्यात."

"ह्यानं तरी मरतील?" सोनालीनं विचारलं.

"या आजारात पहिलं औषध हरलं तरी दुसऱ्यानं बहुतेक बायका बऱ्या होतात. बहुतेक म्हणजे सगळ्या नाही. पण खूप जणी."

मुंबईत किशोर गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहायचा, तिथे बाईमाणसाला जागा नव्हती. त्याचा चुलतभाऊ श्रीपत आणि त्याची बायको दर्शना यांनी आपल्या खोलीचा आतला कोपरा पडदा लावून दिला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहून चारुशीला मॅडमनी सांगितलं तेच सांगितलं, आणि सलाईनमधून औषधं सुरू झाली. एका आठवड्याला काही, दुसऱ्या आठवड्याला निराळी. जे विरळ केस राहिले होते ते उशीवर झाडूसारखे गोळा व्हायला लागले. दर्शनानं न विचारता कात्री आणली आणि सगळे उतरवून दिले. अन्नाला लोखंडाची चव यायची. बोटांची टोकं बधिर व्हायची.

अंगाचं काही तिला इतकं वाटत नव्हतं. खात होती ती वाट बघण्याची घालमेल. पहिल्या फेरीनंतर आकडा जवळजवळ निम्मा झाला. किशोर खोलीत नाचायचाच बाकी होता. सोनाली म्हणाली, "आधीच्यानं पण असाच उतरत व्हता." आकडा उतरायचा आणि तिला वाटायचं, आता पुढच्या वेळी थांबेल. शेजारच्या खाटेवर नाशिककडची एक बाई होती, तिचं औषध आता तिसऱ्यांदा बदललं होतं. सोनाली तिच्याशी बोलायची, पण तिच्या डोळ्यांत बघायचं टाळायची. एक दिवस ती खाट रिकामी दिसली. नर्सला विचारायला सोनाली उठली आणि अर्ध्यातून परत फिरली. संध्याकाळी किशोरनंच विचारून आणलं, तिला दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं. तेवढ्या दोन-तीन तासांत सोनालीनं स्वतःचं सगळं मरण बघून घेतलं होतं.

"तुमी मना आधी का नाय सांगितला?" ती उगाचच किशोरवर ओरडली.

"मना आत्ता कळला गो."

"मंग आधी का नाय इचारला?"

तो तिच्या पायाशी बसून राहिला, कामावरून आला तशाच, ग्रीसनं माखलेल्या हातांनी.

आकडा थांबला नाही. प्रत्येक वेळी उतरत गेला आणि गणपती यायच्या सुमारास निरोगी बाईचा असतो तेवढा झाला. तरी डॉक्टरांनी औषध बंद केलं नाही. दिसत नसलेल्या एखाद-दुसऱ्या पेशीसाठी आणखी काही फेऱ्या द्याव्याच लागतात, ते म्हणाले, नाहीतर उरलेलीच पुन्हा घर करते. सोनालीला ते पटलं. फुप्फुसावरचा ठिपका पुसट होत होत एक बारीक वण तेवढा राहिला.

भात कापणीला आलं तेव्हा ती वाडीवर परतली. डोक्याला ओढणी, अंगावर हाडं. तुळसानं तिला शेतावर येऊ दिलं नाही, तर ती भांडून गेली आणि थोड्या वेळात थकून बांधावर बसली. विळा चालवणाऱ्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "मंग आता कदी गो पोराचा?" आणि सोनाली उत्तर देणार एवढ्यात तुळसा तिच्यावर खेकसली, "तुज्या पोरांची शेंबडं पूस आधी."

किशोरनं महाडच्या एका सोसायटीत लिफ्टचं काम मिळतंय का म्हणून विचारून ठेवलं होतं. मिळेल असं त्याला वाटत होतं, अजून मिळालं नव्हतं.

महिन्यातून एकदा रक्त द्यायला ती महाडला जाते. वर्षभर जायचं आहे, मग पुढेही जायचं आहे, लांब लांबच्या अंतरानं. मागच्या खेपेला चारुशीला मॅडमनी निकाल येईपर्यंत बाकावर बसायला सांगितलं होतं. ती बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी बाहेर पडून बाजारपेठेत शिरली आणि भांड्यांच्या, चपलांच्या, सुक्या मासळीच्या दुकानांवरून उगाच चालत राहिली. मॅडमचा फोन आला तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध होती.

"ठीक आहे, सोनाली. आकडा खालीच आहे."

"नक्की ना मॅडम?"

"नक्की. पुढच्या महिन्यात ये."

"येते."

मागून टेम्पोवाला हॉर्न मारत होता. ती बाजूला झाली. एसटीला अजून वेळ होता, म्हणून ती आणखी थोडी चालली.